पूर्णकलेची पेटी आणि टळलेला मुहूर्त

काफलडांडा, बुधवार

तीर्थस्वरूप ऋषिराम दाजींच्या चरणी धाकटा मेहुणा लोकमणी याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता वाकतो का? (म्हशीचं विचारत नाही, तिची प्रकृती तुमच्या प्रत्येक पत्रात सविस्तर असते.) तुमच्या खोऱ्यात गोवर शिरलाय, पण नातवाच्या अंगावर अजून पुरळ नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला. भांडं मात्र काठावर आहे, म्हणून आमच्याकडची हकीकत कळवतो.

आमच्याकडे लस टोचायला पूर्णकला घर्ती महिन्यातून एकदा येते. पूल वाहून गेल्यापासून ती तारेला लटकणाऱ्या पाळण्यातून नदी ओलांडते. पाठीवर निळी पेटी, पेटीत बर्फ, बर्फात लस. ऋतूंची वर्णनं आपण जन्मभर घोकली, पण भर चैत्रात कोणी पाठीवरून हेमंत वाहून आणताना मी प्रथमच पाहिलं. त्या पेटीला मी हात लावला आणि (हसू नका) नमस्कार केला.

मागच्या खेपेस नेमका मंगळवार पडला. मंगळवारी पोराचं रक्त काढू नये म्हणून एकच आई आली. गोवराची कुपी एकदा उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते. उरलेली सगळी वाया गेली. या खेपेला बाई थेट माझ्या ओसरीवर हजर.

"गुरुजी, म्हैस विकायला मुहूर्त देता, मला एक द्या की!"

"बाई, सुईला शास्त्रात मुहूर्त नाही."

"मग शोधा! पोथ्या काय वाळवीसाठी पाळल्यात?"

काशीतल्या वादसभेतही माझी अशी उलटतपासणी झाली नव्हती. शोधला. निघाला तोही असा सर्वोत्तम, की डोंगरधारेवरचा अख्खा डांडा पोरं डोक्यांत घालून पिंपळाच्या पाराशी लोटला. ('डोको' म्हणजे पाठीवरची आमची बांबूची टोपली, तुम्हाला सांगायला नकोच, पण पत्र परगावी फुटलं तर पोरं डोक्यात घातली असा बोभाटा व्हायचा.) आणि तिथेच फसलो. उत्तम मुहूर्त आखूड असतो, हे तुम्ही जाणताच. ऊन देवळाच्या कळसावरून उतरलं तेव्हा निम्मी पोरं राहिली होती.

"टळला गं टळला!" दिलसरी म्हातारी ओरडली. "आता टोचून घेणं वैऱ्यालाही नको. चला घरी!"

आया वळल्या. उघडी कुपी हातात धरून पूर्णकलेने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी पारावर चढलो आणि माझ्या तोंडून वाणी उमटली: यावद् रोदिति बालोऽत्र तावत् तिष्ठति वै क्षणः. इथे बाळ रडतंय, तोवर क्षण थांबलेला असतो.

श्लोकाला एवढं तत्काळ फळ मी पाहिलं नव्हतं. आधी टोचलेली पोरं गप्प व्हायला लागली, तशी रांगेतल्या आयांनी आपापल्या पोरांना चिमटे काढायला सुरुवात केली. दिलसरीने तर नातवाबरोबर शेजारणीच्या पोरालाही चिमटा काढला ("तुझं फार हळू रडतंय गं!"). सगळा डांडा एका सुरात रडू लागला. दाजी, पाठशाळेत असा स्वर आम्हाला कधी लागला नाही. खाली नदी, वर हिमाळ, मध्ये तो आक्रोश, आणि त्यातून सुईच्या टोकावर एकेक थेंब चाललेला. अंगावर काटा आला. कुपीच्या तळाशी काही उरलं नाही.

ताईला नमस्कार, नातवाला अनेक आशीर्वाद.

तुमचा
लोकमणी

ता. क. श्लोक कुठल्या ग्रंथातला ते शोधू नका. पिंपळाखालीच जन्मला. छंद मात्र तपासलाय.

ता. क. नातवाला चंद्र आठवा आहे म्हणून तुम्ही लस लांबवलीत, हे ताईने कळवलं. तिच्यावर रागावू नका.

ता. क. हे पत्र देऊन तुमच्या दारात उभी आहे तीच पूर्णकला. पेटी पाठीवरच आहे, आत नवी कुपी. माझ्या पाल्हाळात तिचा बर्फ वितळतोय. तरीही मुहूर्त जुळत नसेल, तर ताईला म्हणावं, नातवाला एक बारीक चिमटा काढ.