मेहनतीचा मेडिक्लेम

३ मार्च
ठरवलं. पर्मनंट व्हायचंच. एप्रिलमध्ये आमच्या वर्कशॉपमधला एक कॉन्ट्रॅक्टवाला पर्मनंट होणार, असं मालक हेमंतसर स्वतः म्हणाले. पर्मनंटला मेडिक्लेम, बायकोसकट. मग हर्नियाचं ऑपरेशन ऐटीत करून घेईन.
नलिनी म्हणाली, तिच्या शाळेतही आता स्टाफला विमा मिळतोय, नवऱ्याचं नाव घालता येतं. मी म्हणालो, घालू नकोस. तिला ती नोकरी ओळखीतून लागली. ते नशीब झालं. मला मेहनतीचं हवंय. ती 'बरं' म्हणाली.

९ मार्च, रविवार
सुट्टी असून गेलो. वर्कशॉपचा सगळा पिपलानी भाग सामसूम. लोखंडाचं जड ओतीव कास्टिंग एकट्याने उचललं. पोटात कळ आली. पण सर असते तर बघतच राहिले असते.
सर नव्हते.

१२ मार्च
हर्नियाचं फक्त आशिषला सांगितलं. धाकट्या भावासारखा आहे, काम मीच शिकवलंय. पाच वाजले की स्कूटर काढतो, म्हणून समजावलं, असं केलंस तर कधी पर्मनंट होणार नाहीस. तो म्हणाला, "दादा, आप टेन्शन मत लो." मनाने चांगला आहे.

२१ मार्च
कळ वाढली. नलिनी म्हणते डॉक्टरकडे चला. आत्ता रजा घेतली तर सगळं पाण्यात. शिवाय सर आज दोनदा माझ्याकडे बघून गेले. चिन्हं चांगली.

१ एप्रिल
आशिष.
मला वाटलं एप्रिल फूल. हसलोही. मग पेढे आले.
सरांना विचारलं. म्हणाले, तुमची तब्येत बरी नसते असं कळलं. आणि रविवारीही यावं लागतं म्हणजे आठवड्याचं काम आठवड्यात उरकत नसणार. आशिषचं पाचला सगळं झालेलं असतं.
आशिषला विचारलं. म्हणाला, दादा, काळजीपोटीच बोललो सरांना, तुम्हाला जड काम देऊ नका म्हणून.
काळजी! पेढा घेतला नाही.
नंतर एक घेतला. भूक लागली होती.

४ एप्रिल
स्वतःचा विमा काढणार. कुणाचे उपकार नकोत. एजंट मधुराताई घरी आल्या. म्हणाल्या, नोकरीतल्या विम्यासारखं नाही, स्वतः काढलेला विमा आधीपासूनच्या दुखण्याला पहिली काही वर्षं लागू होत नाही. मी म्हणालो, थांबेन. त्या म्हणाल्या, हर्नियाला विचारलंत का?
बाईंना बोलायची पद्धत नाही.

७ एप्रिल
हर्निया थांबला नाही. बस स्टॉपवरच खाली बसलो. लोकांनी हॉस्पिटलमध्ये आणलं. लगेच ऑपरेशन म्हणाले. काउंटरवर नलिनीने शाळेचं विम्याचं कार्ड पुढे केलं. त्यावर माझं नाव. म्हणजे मार्चमध्येच घातलं होतं, मी स्पष्ट नको म्हटलं असताना. आशिष शेवटी परका. पण घरातूनच दगा?
सांगतील तिथे सह्या केल्या.

१० एप्रिल
ऑपरेशन झालं. जेमतेम लिहितोय. आशिष भेटायला येऊन गेला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. शहाळं ठेवून गेला, ते प्यायलो.
शेजारच्या कॉटवर करोंदचे एक काका आहेत. त्यांनी विचारलं, भैया, आपका खर्चा कौन दे रहा है? मी म्हणालो, विमा है, मेहनत का फल.
ते म्हणाले, किसकी मेहनत?
नलिनी सकाळीच शाळेत गेली होती. मी डोळे मिटून घेतले.