रानडुकराची तलवार चिंचेवर आहे

नागपूर, कार्तिक शुद्ध पंचमी, सन १९३४

तीर्थस्वरूप रुपराव भाऊजींच्या पायांवर विश्वनाथचे डोके. (ताई, वाचून दाखवताना घाई नको, त्यांना एकेक शब्द ऐकू जाऊ दे.) इकडे सारे खुशाल, माझी कंबर सोडून. आपली प्रकृती ठणठणीत असल्याचे रामटेकहून येणाऱ्या रागीट निरोपांवरून कळतेच.

तर तलवार. खंडेनवमीच्या पूजेला आमच्या घरी विळीखेरीज शस्त्र नाही, म्हणून आपली रानडुकराची तलवार मागून आणली. पण टोकामागच्या त्या आडव्या दांडीबद्दल कामठीच्या साहेबाने ती आपल्याला भेट देतानाच बजावायला हवे होते. भोसकलेले डुक्कर पात्यावरून अंगावर चालून येऊ नये म्हणून ती असते म्हणे. डुकराला लांब ठेवणारी ही दांडी माणसाला मात्र सोडत नाही! गाडीतून उतरताना ती दत्तोपंत वकिलांच्या धोतरात अडकली. (हल्ली ते मला पाहिले की एका हाताने कासोटा धरून रस्ता बदलतात.) पूजा होताच परत करणार होतो, तर त्या दांडीने चिंचेची फांदी सुरेख खाली ओढता येते, हे आमच्या मंडळींनी शोधून काढले. सारी आळी कोवळ्या चिंचांवर तुटून पडली. परवा फांदी खाली आली नाही, तलवारच वर गेली. आता ती शेंड्याला लटकते आहे आणि मी कमरेला शेक घेतो आहे. तिला उतरवायला शिकाऱ्याचाच हात हवा. गडीमाणूस पाठवू नये. आपण स्वतः यावे, ताईला घेऊन.

आपला मेहुणा,
विश्वनाथ

ता. क. ताई, इथून पुढे मनातल्या मनात वाच. चिंच खोटी, कंबरही खोटी. तू सांगितलेस तशी तलवार तेलाच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आहे. डॉक्टरांना भाऊजींची लक्षणे सांगितली. मोतीबिंदूच असणार म्हणाले, थंडीत काढतात. डोळ्यांसाठी म्हटले तर भाऊजी येणार नाहीत. तलवारीसाठी आण.

आणखी एक. भाऊजींना दिलेला शब्द मोडतो. तलवार परत मागणारे त्यांचे ते रागीट निरोप फक्त तुला ऐकवायला असतात. रामटेक स्टेशनावर तलवार हाती देताना तेच म्हणाले, "परत आणू नको गा. मले डुक्कर दिसत नाही, त्याचं काही नाही. तुह्या बहिणीचं तोंड धुरकट दिसून राहिलं. तिले सांगू नको, उगाच रडन."

सांगितले. आता रडू नकोस, नाहीतर शेजारी बसलेले विचारतील, "काहून थांबली वं?"