जोडीतला एक मोजा

दि. १८ जानेवारी

ती. बाबांना,

नमस्कार. तब्येत बरी आहे असं धरून चालते. दादा फोनवर सांगतो की गुडघा कुरकुरतो आणि मलम लावायचा तुम्हाला कंटाळा येतो. वहिनी मागे लागते म्हणे, तरी तुम्ही ऐकत नाही. इथे सगळं ठीक आहे. आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलंय, रक्ताची नळी ठेवली की आकडे आपोआप छापून देतं. तरी मी प्रत्येक आकडा डोळ्यांखालून घालतेच. बाकीचे हसतात. हा संशयी स्वभाव कुणाचा, ते तुम्हाला सांगायला नको. रीळ चढवण्याआधी फूट न् फूट बोटांतून सरकवून बघणारा ऑपरेटर त्या अख्ख्या थिएटरात तुम्ही एकटेच होता.

तुम्हाला एक गंमत सांगायची आहे. तशी ती गंमत नाही, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.

फोनवर आमचा एक गट आहे, ‘खरं की थाप’ नावाचा. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. रोज कुणीतरी सिनेमातली नाहीतर कुठल्यातरी देशाच्या रीतिरिवाजातली एखादी गोष्ट टाकायची, दुसऱ्याने शोधाशोध करून शिक्का मारायचा. नावं सगळी टोपणनावं. जहाजावर स्वयंपाक करणारा एक खलाशी आहे. निवृत्त झालेल्या एक गुरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना सगळे घाबरून असतात. शिक्के मारायचं काम बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडतं, म्हणून मी तपासनीस.

मागच्या उन्हाळ्यात दादाच्या ओळखीने एक जण आत आला. छत्रीवाला. घोड्यांच्या टापांचा आवाज करवंट्या आपटून काढत, रीळ बदलायची वेळ झाली की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका उमटे, असलं काय काय तो सांगायचा. वादात हरला की फुगून बसायचा आणि मग काही झालंच नाही अशा थाटात परत यायचा. मला तो फार आवडायचा. कामावरून आले की आधी त्याने काय टाकलंय ते बघायचे, मग चहा.

मला शंका यायला हवी होती. नाही आली. तुम्ही माझ्याशी इतकं बोलाल हे माझ्या डोक्यात तरी कसं येणार?

एकदा त्याने टाकलं की बल्गेरियात मान वरखाली हलवली तर तो नकार असतो, आणि आडवी हलवली तर होकार. हे खरं आहे, त्यात शोधण्यासारखं काही नाही. पण मला शिक्का मारवेना. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तेवढं तुम्ही बघा. छत्रीवाल्याने विचारलं, तपासनीसबाई आज गप्प का? मी लिहिलं, कामात आहे.

मग गेल्या आठवड्यात ती मोज्याची गोष्ट आली. कुठल्याशा थंड बेटावर दोन माणसांचं बिनसलं तर ज्याला समेट हवा असेल त्याने जोडीतला एक मोजा दुसऱ्याच्या दाराशी ठेवायचा. दुसऱ्याला मान्य असेल तर तो मोजा पायात घालून उरलेला मागायला त्याने यायचं. कुणी एक अक्षर बोलायचं नाही.

मी स्वयंपाकघरात उभी होते, ती खालीच बसले. अशी रीत जगात कुठे नाही, बाबा. ती तुम्ही रचलेली. मी लहानपणी रुसून दार लावून बसायचे आणि दार उघडलं की उंबऱ्यावर तुमचा एक मोजा. “एका मोज्यावर माणूस थंडीत किती टिकणार?” असं तुम्ही म्हणायचात.

तरी सवयीने शोध घेतला. काहीच सापडलं नाही. खलाशी म्हणाला, निम्मी बेटं पालथी घातली मी, ही शुद्ध थाप आहे. मी शिक्का मारला, खरं. सगळे तुटून पडले, पुरावा दे. मी लिहिलं, “आमच्या घरात पाळतात.”

त्यानंतर छत्रीवाला आलेला नाही. म्हणून हे पत्र. तपासनीस म्हणजे मी, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं की त्या ओळीने कळलं, मला ठाऊक नाही. दादाला मी मुद्दाम विचारलेलं नाही. तुम्ही गट सोडाल याची मला भीती वाटते, कारण मग तुमच्याशी बोलायला माझ्याकडे काहीच उरणार नाही.

आता जे टाळते आहे ते लिहिते. त्या दिवशी हॉस्पिटलात तुम्ही आईच्या खोलीच्या दारात उभे होता. श्वासाची नळी काढायची का, असं मी आईला विचारलं आणि तिने मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा हलवली. मी संमतीच्या कागदावर सही केली. तुम्ही म्हणालात, “ती होकाराची मान नव्हती. तुला हवं ते तू बघितलंस.” तेवढ्यावर आपलं बोलणं संपलं.

तो होकारच होता, बाबा. मी तिच्या तोंडासमोर होते, तिचे डोळे माझ्यावर होते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून त्यावर थापेचा शिक्का मी मारणार नाही. तुमचा मला राग आला होता, अजून आहे. पण परवा छत्रीवाल्याचं जुनं सगळं पुन्हा वाचत बसले आणि त्या बल्गेरियाच्या ओळीशी थांबले. ‘तिने नको म्हटलं असेल तर?’ हे ओझं घेऊन तुम्ही इतकी वर्षं एकटे बसला आहात. मला फार रडू आलं.

आईने तुमच्यासाठी विणलेले करडे मोजे आठवतात? थिएटरच्या वातानुकूलित केबिनमध्ये घालायचात ते. हॉस्पिटलात तिचे पाय गार पडले तेव्हा तुम्ही स्वतःच्या पायातले काढून तिला घातलेत. ती गेल्यावर नर्सने तिच्या सामानाची पिशवी माझ्या हातात दिली, त्यात ते होते. मी धुतलेले नाहीत.

एक या पाकिटात आहे. गुडघ्याला मलम लावून मगच निघा, आमच्याकडे जिना आहे. आल्यावर काही बोलायची गरज नाही.

दुसरा मोजा सांभाळून असलेली,
तुमची रुसूबाई