स्टुलासाठी अर्ज

ता. ४ जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा आपली पत्रंच बरी. मला सातवा लागला. बाळ दिवसभर लाथा मारतं. हे म्हणतात, मावशीवर गेलंय.

आमच्या मोठ्या दुकानात चार नंबरच्या गल्ल्यावर आठ तास उभं राहून बिलं करायची. गल्ल्याशी बसायला बंदी, गिऱ्हाईकाला आळस दिसतो म्हणे. पाय इतके सुजतात की मी ह्यांच्या चपला घालून कामाला जाते. आमचे सुपरवायझर मात्र भला माणूस, सगळ्या त्यांना काका म्हणतो. दुपारी गर्दी ओसरली की ते मुद्दाम पाठ फिरवून फळीवरचे डबे नीट लावत बसतात. तेवढ्यात मी तेलाच्या खोक्यावर पाच मिनिटं टेकते.

महिनाअखेरीला मला कायम करणार आहेत. कायम झाले की बाळंतपणाची पगारी रजा मिळते, नाहीतर नोकरी सुटलीच म्हणायची. ह्यांची पाठ धरल्यापासून घर माझ्यावरच आहे, म्हणून दिवस ढकलतेय. काळजी करू नकोस असं लिहिते खरी, पण तू करणारच.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी चिमणी


ता. ९ जून

चि. चिमणीस, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून घास उतरेना. तुझी आई असती तर तिने दुकानात जाऊन तमाशा केला असता. मी टपालखात्यात पस्तीस वर्षं काढली, मला तमाशा जमत नाही, अर्ज जमतो. तुमच्या मुख्य कचेरीला पत्र धाडलंय, रजिस्टर करून, पोचपावतीसह.

भांडले नाही हो. अगदी गोडीत लिहिलंय, की चार नंबरच्या गल्ल्यावरची मुलगी पोटुशी असूनही हसतमुख असते, तिला एक स्टूल द्यावं. सुपरवायझर तिला खोक्यावर टेकू देतात, अशा सज्जन माणसाला बढती मिळावी. तुला आधी विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस, म्हणून टाकून झाल्यावर कळवते. शहाण्या माणसांना एवढं पुरे.

पायाखाली उशी घेऊन झोपत जा. या म्हातारीवर माया असू दे.

तुझी मावशी


ता. २४ जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

मुख्य कचेरीतून दोघं आले. कॅमेऱ्यातलं चित्रण लावून मी किती वेळा टेकले ते बघितलं. काकांना विचारलं, तर त्यांनी सरळ हो म्हणून सांगितलं. त्यांना लांबच्या गोदामात पाठवलंय. जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

मला कायम केलं नाही. एक तारखेपासून येऊ नका, नंतर जागा असली तर बघू, असं सांगितलं. मी म्हणाले, माफी लिहून देते. दुकानाचे मॅनेजर म्हणाले, वरून आलंय, माझ्या हातात काही नाही. वरचे म्हणाले, नियम आहे. खोकीही उचलून नेली. बाकीच्या मुलींचं टेकणंही गेलं, आता त्या माझ्याकडे बघत नाहीत.

चार दिवस तुझ्यावर रागावले होते, म्हणून लिहिलं नाही. आता राग नाही, नुसतं दमायला झालंय. तुझं मन मला माहीत आहे. पण यापुढे माझ्यासाठी कोणालाही लिहू नकोस, एवढं ऐक.

तुझी चिमणी


ता. ३० जून

चि. चिमणीस, अ. उ. आ.

तुझं पत्र आणि त्यांचं उत्तर एकाच दिवशी आलं. जाड कागद, सहीसुद्धा छापील. म्हणतात, कर्मचारी कामाच्या वेळी बसलेली असते या आपल्या तक्रारीबद्दल आभार, संबंधितांवर कारवाई केली आहे, आपण पुन्हा खरेदीला यावं. स्टुलाचा शब्द कुठे आहे का, म्हणून मी ते चारदा वाचलं. नाही. आणि तक्रार कुठे केली होती गं मी?

काकांची माफी मागायची होती, पण त्यांचा पत्ता हवा तर पुन्हा त्याच कचेरीला लिहावं लागेल. तू नको म्हणालीस, नाही लिहिणार. आता काय करायचं ते मला खरंच सुचत नाही. तुम्ही दोघं बाळंतपणाला इकडे या. नको असेल तर तसं कळव, पण गप्प राहू नकोस.

लोभ असावा, हे आजवर हजार पत्रांखाली सवयीने लिहिलं. आज हात अडला. चिमणे, ठेवशील का?

तुझी मावशी