एका हुकाला तीन रबर

४ जून, जेवण झाल्यावर
शब्द देऊन बसलो. नातीचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत, त्यामुळे वर्गात ती तोंड उघडत नाही. तार लावू म्हटलं की रडते. आज ही म्हणाली, अहो, हे दात तुमच्याच घराण्यातले, तुम्हीच समजवा तिला. मी म्हणालो, त्यात काय एवढं, मी तर हसत हसत लावून घेतली असती. नात म्हणाली, मग लावा. आबा, तुम्ही लावली तर मी लावते. तुम्ही काढली की मीही काढणार. सून ताटावरून उठून डॉक्टरांना फोन करायला गेली. माझ्या औषधांसाठी या घरात इतक्या चपळाईनं कोणी उठलेलं आठवत नाही.
काळजीचं कारण नाही. अडुसष्ट वय पाहून डॉक्टरच नाही म्हणतील.

११ जून
डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. हिरड्या उत्तम आहेत म्हणे. जन्मात पहिल्यांदा माझ्या हिरड्यांचं कौतुक झालं, तेही नको तेव्हा. दोघांनाही दीड वर्ष लागेल म्हणाल्या. मी मनातल्या मनात हसलो. चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलं आहे. लचकणारं चाक सरळ करायला मला वीस मिनिटं लागायची. ज्या बाजूला चाक झुकतं तिच्या उलट बाजूचे स्पोक आवळायचे, संपलं. इथे तर फिरणारं काही नाहीच. तीन महिने, फार फार तर चार.
नवीन पेशंटला काय माहीत असावं ते इथे टिपत जायचं ठरवलं. पुढेमागे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईल.
टीप १: घाबरायचं नाही.

२० जून, दुपारी ३
तार बसली. नातीची पण. काहीही दुखत नाही.

२० जून, संध्याकाळी ६
दुखतं. भातसुद्धा चावत नाही. हिला सांगायला गेलो तर अर्धे शब्द तारेत अडकले. ही म्हणाली, राहू द्या, सावकाश सांगा, दीड वर्ष आहे.

२१ जून
गाल आतून सोलला. नर्सबाईंनी डबीत मेण दिलं होतं. गोळी असेल म्हणून पाण्याबरोबर घेतलं. नात म्हणाली, अहो आबा, ते टोचणाऱ्या तारेवर लावायचं असतं! मी म्हणालो, माहीत आहे, आतून काही फरक पडतो का बघत होतो.
टीप २: मेण गिळू नये. विशेष फरक पडत नाही.

८ जुलै
भाजलेले दाणे बंद, सफरचंद फोडी करून, दात घासायला अर्धा तास. माणूस आहे की कैदी? चार दाणे खाल्ले. पाचव्याला तार धरणारं दातावरचं बटण निघून हातात आलं. गोंद हलका वापरतात.

९ जुलै
डॉक्टरीणबाईंना सांगितलं, मऊ भात खाताना निघालं. त्यांनी शेजारच्या बटणामागून चिमट्यानं अर्धा दाणा काढला आणि नर्सबाईंना दाखवला. मी छताचा पंखा बघत राहिलो.

१८ ऑगस्ट
सुटकेचा एक सभ्य प्रयत्न केला. नातीला म्हणालो, तुझे दात मला मुळातच गोड वाटायचे बघ. तिचे डोळे चमकले. म्हणजे आबा, तुम्ही काढताय? मी वर पाहिलं. सून दारात उभी. हातात लाटणं होतं, ते पोळ्यांसाठीच असावं. मी म्हणालो, छे छे, आता कुठे मजा यायला लागली आहे.

३० ऑक्टोबर
आजपासून छोटे रबर. वरच्या हुकातून खालच्या हुकात, दोन्ही बाजूंना एकेक. रोज बदलायचे, जेवताना काढायचे. डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, एकच हं आजोबा.
घरी आरशात नीट पाहिलं. पुढचे दात डावीकडे झुकलेत. म्हणजे उजवीकडून ओढायला हवं. हे कोणीही सांगेल. उजवीकडे तीन लावले, डावीकडचा काढून टाकला. या वेगानं नवीन वर्षाच्या आत मोकळा.
टीप ३: डॉक्टर सावधपणे सांगतात. अनुभवी माणसानं थोडं पुढे जायला हरकत नाही.

१२ नोव्हेंबर
प्रगती. उजवीकडचा सुळा बोटानं हलतो! नातीचा एकही हलत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही.

१९ नोव्हेंबर
आरशात हनुवटी उजवीकडे गेल्यासारखी दिसते. आरसा वाकडा टांगलेला असणार. सरळ केला.

२४ नोव्हेंबर
आरसा पुन्हा सरळ केला. मुलगा विचारत होता, बाबा, रोज खिळा का ठोकताय? वरचे दात खालच्यांना भेटत नाहीत, त्यामुळे माझं उत्तर त्याला कळलं नाही.

४ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. मग शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, असं मी अजून पाहिलं नव्हतं. भराभर फोटो काढले. माझ्या फक्त दातांचा फोटो नवीन पेशंटना दाखवायला भिंतीवर लावू का, असं विचारलं. मी लगेच सही केली. रबर मात्र काढून घेतले. काम झालं असेल.
घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, तुमचा? भिंतीवर? नीट विचारलंत ना?

८ जानेवारी
आज नात शाळेतून येऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, वर्गात आज मोठ्यानं धडा वाचला. मग म्हणाली, आबा, तुम्हाला धड जेवता येत नाही, मला बघवत नाही. तुम्ही काढून टाका. मी नाही काढणार, शपथ. मी चष्मा पुसत बसलो. चष्मा स्वच्छच होता.
म्हणजे जिंकलो. उद्या दहाची वेळ घेतली. अर्धा किलो दाणे आणून ठेवले आहेत.

९ जानेवारी
काढता येत नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता काढलं तर दात आहेत तिथेच राहतील आणि तुम्हाला जन्मभर चावता येणार नाही. आधी ते जूनमध्ये होते तिथे न्यायचे. मग उपचार सुरू. आजपासून दोन वर्षं. नातीचं या वर्षअखेर संपेल.
बाहेर येऊन बसलो. समोरच्या भिंतीवर माझे दात, दारापेक्षा थोडेसेच लहान. वर लाल अक्षरांत: नवीन रुग्णांनी हे करू नये. खाली बाण काढून तीन रबर दाखवले आहेत.
शेजारी एक बाई मुलीला घेऊन बसल्या होत्या, पहिल्यांदाच आलेल्या. त्यांनी मुलीला सगळं वाचून दाखवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, काय हो आजोबा, खरंच असं कोणी करतं का?
मी तोंड मिटूनच नकारार्थी मान हलवली.
त्यांच्या मुलीलाही दोन वर्षं सांगितली आहेत. पुढची तारीख आम्हाला एकच मिळाली, तेरा फेब्रुवारी, दहा वाजता.