बाहेरच्या मैदानातल्या चार रिकाम्या खुर्च्या

११ ऑगस्ट, सोमवार

आली एकदाची तिघं. नोबुयुकी वाळलाय. नॉर्वेत काय नुसता वारा खातात की काय! शर्टाची कॉलर दुमडलेली, ती मीच दारात सरळ केली. सिग्रिड वाकून म्हणाली, "आई, पुन्हा तुम्हाला त्रास द्यायला आलो." आपली जपानी भाषा शिकलीय म्हणे. सगळं पाठ केलेलं, लगेच कळतं. ईडा सात वर्षांची झाली. नातच ती माझी, पण माझ्याकडे बघून बापामागे लपली.

फोनवर नोबु म्हणाला होता, "समोर बसून बोलायचंय." काय ते मला न सांगता कळलंय. हे गेल्यापासून या घरात मी एकटी भुतासारखी वावरते, त्याला दिसत नाही का? वरची खोली जूनपासून रिकामी करून ठेवलीय. परत येतोय माझा मुलगा. सून पाय ओढेल, पण तो येईल.

१३ ऑगस्ट, बुधवार

पितर घरी आणायची संध्याकाळ. नोबुने वडिलांच्या थडग्यावर पाणी घातलं, तेही घाईघाईत. मी म्हटलं, "नीट घाल, सावकाश." त्याने परत घातलं. 

१४ ऑगस्ट, गुरुवार

होरिगुचीभाऊजी येऊन गेले. यांच्या बरोबरीने बेसबॉलच्या बाहेरच्या मैदानामागे, लांबच्या स्वस्त खुर्च्यांत, आपल्या संघासाठी ढोल बडवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "वहिनी, उद्याच्या सामन्याला दुपारीच जाऊन जागा धरायला खुर्च्यांवर वर्तमानपत्र चिकटवून ठेवतो. चार जागा. नोबुला एक डाव ढोल वाजवू दे, याच्या बापाला बरं वाटेल."

नोबु "हो हो" म्हणाला. मला रडू आलं. खोटं कशाला लिहू?

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मैदानाच्या फाटकाशी पोचल्यावर चिरंजीव सांगतात, तिकिटं त्याने नॉर्वेतूनच काढलीत. आतल्या मैदानाजवळची, ढोलांपासून लांब, भारी, गादीच्या खुर्च्यांची! "ईडाला ढोलाच्या आवाजाचा त्रास होईल, आई." मग काल हो हो कशाला केलंस? तिकडे तो म्हातारा भर उन्हात खुर्च्या राखत बसलाय. मी त्यांना फोनसुद्धा केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

पुढे एक टेबल होतं. परदेशी पाहुण्यांनी पासपोर्ट दाखवायचा आणि संघाचा पंखा फुकट न्यायचा. ईडाला पंखा हवा होता. नोबुने खिशातून तिघांचे पासपोर्ट काढून ठेवले. तिन्ही सारखे. तिन्हींवर नॉर्वेचा मुकुट घातलेला सिंह. आपलं जपानचं शेवंतीचं फूल एकावरही नाही.

टेबलामागची मुलगी गोड हसली, चार पंखे दिले, आणि मलाही हातवारे करून जिना दाखवला. साठ वर्षं मी या मैदानावर येतेय, बाई!

जागेवर बसल्यावर विचारलं, "हेच बोलायचं होतं समोर बसून?"

"हो. तिकडचा नागरिक झालो, आई. इकडचं नागरिकत्व मग आपोआप जातं. कायदाच तसा आहे."

"कधी?"

"बाबा गेल्यानंतर."

"हिने करायला लावलं?"

सिग्रिड ईडाला आईस्क्रीम आणायला गेली होती. नोबु मैदानाकडे बघत राहिला. नाही म्हणाला नाही. मला काय कळायचं ते कळलं.

मग पाहुण्या संघाने चेंडू थेट प्रेक्षकांत टोलवला आणि ईडा उभी राहून टाळ्या पिटायला लागली. आपला संघ मार खातोय आणि ही नाचतेय! मागचे गृहस्थ हसून म्हणाले, "असू दे, परदेशी कुटुंब आहे." सिग्रिडने वळून त्यांची माफी मागितली. मी मागितली नाही. मी त्या कुटुंबातली नाही.

आमची फलंदाजी आली तसा लांबून ढोल सुरू झाला. त्या गर्दीत चार खुर्च्या कुठे रिकाम्या आहेत, इतक्या लांबून दिसत नव्हतं. तरी मी बघत होते. सातव्या डावात रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी फुगे सोडले. माझा मी हातातच धरून बसले.

१६ ऑगस्ट, शनिवार

पितरांना निरोप दिला. होरिगुचीभाऊजींकडे कलिंगड घेऊन गेले. "पोराला उशीर झाला असेल, वहिनी," ते म्हणाले. मी हो म्हटलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

१७ ऑगस्ट, रविवार

सिग्रिड भांडी घासायला आली. "राहू दे, पाहुण्यांनी करायचं नसतं," मी म्हटलं. तिचे डोळे भरले. भरू देत. माझा एकुलता एक मुलगा नेलाय तिने, वर पासपोर्टही बदलायला लावला. मी काय तिची आरती ओवाळू?

नोबु वर बॅगा भरत होता. मोजे नीट घडी कर, म्हणून मी दोनदा सांगून आले.

१८ ऑगस्ट, सोमवार

गेली.

२३ ऑगस्ट, शनिवार

सिग्रिडचा फोन. पोचल्याचं नोबुने तेव्हाच दोन शब्दांत कळवलं होतं, हिने मुद्दाम चौकशीला केला. मला राहवलं नाही. म्हटलं, "माझा मुलगा मला परत द्यायचा नव्हता ना तुला? झालं मनासारखं. सुखी राहा."

 ती म्हणाली, "आई, दर वर्षी मीच त्याच्या मागे लागते, तुमच्याकडे जपानला राहायला जाऊ या म्हणून. तो म्हणतो, आई आहे तोवर नको."