संगप्पांची दातखीळ

सोलापूर,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या प्रभुलिंगचे शरणार्थी. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक म्हणायचे. आमच्या हिचा, शिवलीलाचा, उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे, माझी डावी भुवई थोडी जळाली आहे आणि सिद्धेश्वरी मला बघितलं की ओढणी तोंडात कोंबून आतल्या खोलीत पळते. फोनच केला असता, पण फोनवर तू माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत हसायला लागतेस आणि मुद्दा राहून जातो. म्हणून सविस्तर लिहितो. चष्मा लावून, बसून वाच.

तुला माहीतच आहे की आपल्या सिद्धेश्वरीनं तिच्याच बँकेतला बसवेश पसंत केला आहे. मुलगा चांगला आहे (माझ्यासमोर कमी बोलतो, हे मला विशेष आवडलं). अडचण त्याच्या वडिलांची. संगप्पांचं अक्कलकोटला चादरींचं दुकान आहे, आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली की गिऱ्हाईक थकून चादर घेऊन जातं अशी त्यांची ख्याती. त्यांनी आधीच निरोप धाडला होता की लग्न अक्कलकोटला होईल आणि सुनेनं नोकरी सोडावी. सिद्धेश्वरीनं मला बजावलं, ‘अप्पा, नोकरीचा विषय निघाला तर मी ट्रे खाली ठेवून सरळ उठणार.’ अशा परिस्थितीत संगप्पा आणि गिरिजाबाई, दोघं नवराबायको, काल, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता पहिल्यांदा आपल्याकडे येणार होते, आणि शिवलीला आठच दिवसांपूर्वी गच्चीवर शेवया वाळवताना घसरून हात मोडून बसलेली.

मी म्हणालो, खायचं मी बघतो. (इथे तू हसली असशील. हस आणि पुढे वाच.) आमच्या पोरानं, श्रीशैलनं, दिवाळीला पुण्याहून एअर फ्रायर पाठवला होता. तो इतके दिवस कपाटावर टॉवेल पांघरून बसला होता. तेल नाही, धूर नाही, नुसत्या गरम हवेवर पदार्थ होतो असं त्या पुस्तिकेत लिहिलंय. ज्यानं लिहिलं त्यानं त्यात पापड घातलेला नाही. माझा बेत असा होता, की खजुरातली बी काढायची, आत आपली शेंगा चटणी भरायची, आणि वरून ओला करून मऊ केलेला पापड गुंडाळायचा. गोड, खारट, तिखट, कुरकुरीत, सगळं एका घासात! पार्टीला असंच असतं म्हणे. पहिला घाणा मी मोठ्या भक्तिभावानं आत लावला. दोन मिनिटांत आतून फडफड ऐकू आली. त्या यंत्रात वर पंखा असतो, अक्का. पापड वाळले, खजुरावरून सुटले आणि वर उडून लालबुंद तारेला जाऊन चिकटले. मी टोपली ओढून आत वाकून बघितलं. भुवईचा प्रसंग तो हाच.

आता पापड उडू नयेत तर ते चिकटले पाहिजेत, आणि चिकटायला गुळाच्या पाकासारखं दुसरं काय आहे? मी घट्ट पाक केला, खजूर त्यात लोळवले, वर पापड थापला, पुन्हा पाक लावला. पापड हलला नाही. (आता तो कधीच हलणार नाही. दोन नग टोपलीला चिकटलेत, ते उलथन्यानंही निघत नाहीत.)

यात आणखी एक भानगड झाली. ते यंत्र वेळ भरली की घंटी वाजवतं, आणि ती घंटी न् आपल्या दारावरची घंटी अगदी सारखी. टिंग टिंग झालं की मी हात पुसत दाराकडे धावायचो, तर दारात कोणी नाही. परत यावं तर यंत्र गप्प. असं चार वेळा झाल्यावर माझं डोकं फिरलं. पुन्हा टिंग टिंग झालं तेव्हा मी स्वयंपाकघरातूनच खच्चून ओरडलो, ‘गप बस की! पाच मिनिटं थांबायला काय होतं?’ पुन्हा टिंग. मी म्हणालो, ‘तुला एकदा सांगून कळत नाही व्हय? लई गरम झालायस, जरा गार हो, मग बाहेर काढतो!’ त्यानंतर एकदम शांतता पसरली. यंत्राला वळण लागलं म्हणून मला बरं वाटलं. शिवलीला आत होती, सिद्धेश्वरी तिला साडी नेसवत होती. पाच मिनिटांनी सिद्धेश्वरीनं दार उघडलं, तर बाहेर संगप्पा आणि गिरिजाबाई पायरीवर उभे. संगप्पा घामानं डबडबलेले, हातात पेढ्यांचा पुडा. गिरिजाबाई तिला म्हणाल्या, ‘आम्हाला थांबा म्हणाले की आतून, म्हणून थांबलो.’

माझी काय अवस्था झाली असेल ते तूच समज. मी कोणाकडे न बघता ताट पुढे केलं. संगप्पा सोफ्यावर टेकले, घसा खाकरून म्हणाले, ‘मुख्य विषय नोकरीचा...’ आणि बोलता बोलता त्यांनी एक अख्खा खजूर तोंडात टाकला. सिद्धेश्वरी ट्रे खाली ठेवायला वाकली. पुढचा शब्द काही आला नाही. संगप्पांचे गाल हलले, डोळे मोठे झाले, कानशिलं ताणली, पण वरचा दात आणि खालचा दात एकमेकांना सोडायला तयार नाहीत. मी पाणी दिलं, ते ओठांवरून सदऱ्यावर आलं. ‘डॉक्टरकडे नेऊ या का?’ मी विचारलं. त्यांनी हातानं काहीतरी खूण केली, मला ती ‘आणखी द्या’ अशी वाटली, म्हणून मी ताट पुन्हा पुढे केलं.

तेव्हा गिरिजाबाई बोलल्या. आल्यापासून त्या माउलीनं दारातलं तेवढं एकच वाक्य उच्चारलं होतं. पदर सावरून त्या म्हणाल्या, ‘हे बघा, एकतीस वर्षांत मला एवढी सवड पहिल्यांदा मिळाली, तर बोलून घेते. पोरीनं नोकरी सोडायची नाही. लग्न सोलापुरातच करा, अक्कलकोटला पाण्याचे हाल हायत. आणि सून आमच्याकडं नाही, ती दोघं हितंच राहतील. व्हय की नाही हो?’ संगप्पांनी नाकातून मोठा आवाज काढला. ‘व्हय म्हणतायत,’ असं सांगून त्यांनी सिद्धेश्वरीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पेढ्यांचा पुडा फोडला. पोरगी रडायला लागली, शिवलीला रडायला लागली, मीही थोडा रडलो. संगप्पांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते कशाचं हे सांगता येत नाही.

तर असं लग्न ठरलं. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
प्रभुलिंग

ता. क. – एक गोष्ट राहिली. निघताना गिरिजाबाईंनी तो खजूर हातात धरून विचारलं, ‘हे कुणी केलं?’ त्यांचा चेहरा बघून, बक्षीस आहे की शिक्षा, ते कळेना. म्हणून मी म्हणालो, ‘अकलूजच्या आमच्या अक्कानं करून पाठवलंय.’ तर त्यांनी कबूल करून घेतलं की बारा तारखेच्या साखरपुड्याला असेच दोनशे नग, अक्काच्याच हातचे, हवेत. तेव्हा तू ते करून गुरुवारीच घेऊन ये. त्यांचा फोन आला तर नुसतं ‘व्हय, मीच’ म्हण. यंत्र या पत्रासोबतच पार्सलनं पाठवतो आहे.

ता. क. (शिवलीलाचे, डाव्या हाताने) – अक्का, यांचं ऐकू नका. संगप्पांचा गूळ दोन मिनिटांत विरघळला होता. मी शेजारीच बसले होते. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात गिरिजाबाईंनी त्यांच्या मांडीला चिमटा काढून हळूच म्हटलं, ‘सुम्ने इर्री,’ म्हणजे गप बसा. ते गप्प बसले ते त्यामुळं. यांना कानडी येत असून ऐकू आलं नाही, कारण हे तेव्हा ताट घेऊन तिसरा खजूर पुढे करत होते.